'इन्फर' म्हणजे नुसता अंदाज नव्हे!



इंग्रजी उताऱ्यावरच्या प्रश्नांत 'इन्फर' हे क्रियापद बरेचदा येतं. 'अनुमान काढणे' हा अर्थ मुलं पाठ करतात, पण उत्तर मात्र अंदाजानं ठोकून देतात. म्हणून या शब्दाच्या मुळाशीच जाऊ या.

मूळ लॅटिन शब्द 'इन्फेर्रे'. 'इन' म्हणजे आत आणि 'फेर्रे' म्हणजे वाहून आणणे. 'ट्रान्सफर' आणि 'रेफर' याच कुळातले. ट्रान्सफर म्हणजे इकडून तिकडे नेणं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! 'इन्फर' म्हणजे पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत विचार वाहून नेणं.

आपला 'अनुमान' शब्दही बघा. 'अनु' म्हणजे मागून, 'मान' म्हणजे मोजणं, जाणणं. आधी काहीतरी दिसतं, मग त्यामागून ज्ञान येतं. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. धूर हा पुरावा आणि 'जिथे धूर तिथे आग' हा नियम. यातलं एकही नसेल, तर तो फक्त अंदाज.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना हे अवघड नाही. कपाशीचं फूल उमललं नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिल्या, की शेतकऱ्याचं पोरगं म्हणतं, "डोमकळी आहे, आत गुलाबी बोंडअळी असणार." अळी दिसलेली नसते. दिसते ती फक्त कळी. हेच इन्फर!

इथे एक गल्लत टाळा. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' एक नाहीत. 'इम्प्लाय'चं मूळ घडी घालणं. बोलणारा अर्थ घडीत ठेवतो, ऐकणारा तो उलगडतो. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर.

१९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हातानं काम करत शिकणं हा तिचा गाभा. टकळीवरचं सूत तुटलं, तर ते का तुटलं हे पेळू आणि पीळ बघूनच ठरवावं लागतं. पाठांतर तिथे कामाचं नाही.

मग वर्गात काय करायचं? मुलानं उत्तर दिलं की ते बरोबर असो वा चूक, एकच प्रश्न विचारा: "कशावरून?" मुलाला उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवू द्या. बोट ठेवता आलं तर ते अनुमान. नाही आलं, तर उत्तर बरोबर असूनही तो अंदाजच.

पालकांनो, घरीही हा प्रश्न विचारून बघा. आणि मुलांनी आपल्याला उलट विचारला, तर रागावू नका. शिकवणी कामी आली असं समजा!