सेवेची अमानत मुलींच्या हाती



मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की एक दिवस घरी कागद येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी ते पालकांचे संमतिपत्र असते. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास समाजसेवा करावी आणि एका गावात सात दिवसांचे शिबिर करावे, अशी अपेक्षा असते. अनेक घरांत या संमतिपत्रावर सही करताना लेखणी थबकते. त्यातच मुलगी ‘मला गटप्रमुख नेमले आहे’ असे म्हणाली, तर शंका अधिकच वाढते. सेवा समजली, पण नेतृत्व कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपण कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात शोधूया.

मदयनच्या विहिरीवर

सूरह अल्-कसस (28), आयत 23 ते 27 आपण घरी सर्वांसमवेत वाचावी. मदयनच्या पाणवठ्यावर मेंढपाळांची गर्दी आहे आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या आहेत. हजरत मूसा (अ.) विचारपूस करतात. मेंढपाळ निघून गेल्याशिवाय आम्ही पाणी पाजत नाही आणि आमचे वडील फार वृद्ध आहेत, असे त्या सांगतात. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात. पुढे त्यांतील एक मुलगी लज्जेने चालत येऊन वडिलांचा निरोप देते. नंतर वडिलांना सल्लाही मुलगीच देते. या माणसाला कामावर ठेवा, कारण जो सबल आणि विश्वासू असेल तोच कामाला उत्तम, असे ती सांगते. त्यापुढच्याच आयतीत वडील मूसा (अ.) यांच्यापुढे तसा प्रस्ताव ठेवतात.

या मुलीने जबाबदारीचा निकष सांगितला आणि अल्लाह तआलाने तो कुरआनात कायमचा नोंदवून ठेवला. लज्जा आणि घराबाहेरचे काम, मर्यादा आणि ठाम मत या गोष्टी एकाच मुलीत नांदू शकतात, हा या आयतींचा बोध आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘त्या मुली गरजेपोटी बाहेर पडल्या होत्या. वडील वृद्ध होते.’ हा आक्षेप योग्य आहे आणि अनेक उलमांनी या आयतींतून गरजेची अट काढली आहे. म्हणूनच आज आपल्या वस्तीत ती गरज आहे का, हे आपण पाहिले पाहिजे.

आपल्या दारातील गरज

आपल्या देवगड तालुक्याचाच विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या भरण्यात घर गुंतलेले असते, तर त्याच दिवसांत सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात. कुणाचा मुलगा मुंबईत, कुणाचा आखातात, तर कुणाचा होडीवर. घरी राहिलेल्या वृद्ध आईला बँकेचा, शिधापत्रिकेचा, दवाखान्याचा कागद कोण वाचून दाखवणार? तिच्या आजाराची विचारपूस परका पुरुष कशी करणार?

याहून महत्त्वाची एक गरज आहे, स्त्रीच्या मय्यतीला गुसल देण्याची. बहुतेक मोहल्ल्यांत हे काम एक-दोन वयस्क स्त्रिया करतात. त्यांच्यानंतर कोण? हे फर्ज-ए-किफाया आहे. कुणीच शिकले नाही, तर गुन्हा सर्वांवर येतो.

हजरत उम्मे अतिय्या (र.अ.) यांचा आदर्श येथे आठवावा. सात मोहिमांत त्यांनी स्वयंपाक केला, जखमींवर उपचार केले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. प्रेषित मुहम्मद (स.) यांची कन्या हजरत जैनब (र.अ.) यांचे निधन झाले, तेव्हा गुसल देणाऱ्या स्त्रियांत उम्मे अतिय्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना पद्धत सांगितली: बोरीच्या पानांचे पाणी, शेवटी कापूर, तीन वेळा किंवा पाच वेळा, आणि तुम्हाला आवश्यक वाटल्यास त्याहून अधिक. या शेवटच्या शब्दांवर आपण थांबावे. आपल्या लाडक्या लेकीच्या अखेरच्या स्नानातही प्रेषितांनी (स.) पद्धत शिकवली आणि पुढचा निर्णय त्या स्त्रियांच्या समजुतीवर सोपवला.

राबणे आणि सांभाळणे

आपल्याकडे मुली राबत नाहीत असे नाही. जलशाच्या वेळी पुलाव वाढण्यापासून भांडी घासण्यापर्यंत त्या सर्व करतात. परंतु काय करायचे, कधी करायचे आणि किती खर्च करायचा हे दुसऱ्यांनी ठरवायचे, अशी आपली रीत आहे. आपण प्रत्येक जण मेंढपाळ आहोत आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल जाब द्यावा लागेल, अशी हदीस आहे. तिच्यात स्त्रीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. ज्याला जाब द्यायचा आहे त्याला निर्णयाचा वाटा मिळाला नाही, तर तो जाब कसा देणार?

पुण्यात फातिमा शेख यांनी सावित्रीबाई फुले यांच्यासमवेत मुलींना शिकवले, हे आपण जाणतो. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावी असताना शाळेचा भार फातिमांवर पडला होता. 10 ऑक्टोबर 1856 च्या सावित्रीबाईंच्या पत्रात त्याची जाणीव दिसते. तो भार त्यांच्यावर विश्वासाने टाकला गेला, म्हणून त्यांनी तो पेलला.

आज राष्ट्रीय सेवा योजनेखेरीज गर्ल्स इस्लामिक ऑर्गनायझेशनसारख्या मुलींनीच चालवलेल्या संघटनाही महाराष्ट्रात आहेत. मुलीने कोणत्या संघटनेत जावे, हे घराने विचारविनिमयाने ठरवावे. मात्र ती गेली, तर तिला पुढील तीन गोष्टी सोपवाव्यात. पहिली, काम निवडण्याचा अधिकार: वस्तीत फिरून, वृद्धांना विचारून तिने गरज ओळखावी. दुसरी, हिशेब: जमा-खर्चाची वही तिच्या हाती असावी आणि ती सर्वांसमोर वाचली जावी. तिसरी, चूक सुधारण्याची संधी: एक काम फसले म्हणून तिला घरी बसवू नये.

पालकांचे कर्तव्यही तितकेच मोठे आहे. शिबिरात महिला प्राध्यापिका कोण आहेत, मुलींच्या राहण्याची वेगळी सोय आहे का, नमाजची वेळ पाळता येईल का, हे आधी विचारावे. शक्य असल्यास आईने एक दिवस शिबिराला भेट द्यावी. मुक्कामाबाबत आपले समाधान झाले नाही, तर नकार देण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण तो नकार त्या सात दिवसांपुरता असावा. वर्षभर गावातच करता येणाऱ्या सेवेचे दार त्याने बंद होऊ नये.

कुटुंबात चर्चेसाठी

1. आपल्या मोहल्ल्यात स्त्रियांच्या गुसलची पद्धत किती मुलींना येते?
2. मदयनच्या मुलीने सांगितलेले दोन गुण आपण आपल्या मुलीत कसे वाढवत आहोत?
3. गेल्या वर्षभरात मुलीचा सल्ला मानून आपण कोणता निर्णय घेतला?

अल्लाह तआला आपल्या मुलींना सबल आणि विश्वासू बनवो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची सद्बुद्धी आपणास देवो. आमीन.