बालवाडीतले चिंचोके : अंक आणि अक्षर यांचा पाठ



बेणे, लागण, खोडवा हे आमचे नेहमीचे विषय. या खेपेस मात्र आम्ही पाच वर्षांच्या मुलांबद्दल लिहीत आहोत. उद्या वजनकाट्याची पावती तेच वाचणार. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीकडे फिरताना एक तक्रार हटकून कानावर येते, "साहेब, पोरगं अंगणवाडीत जाते जी, पण त्याले अजून पाटीवर एक लिहिता येत नाही. नुसते चिंचोके खेळवतात!"

तर चिंचोक्यांनी काय शिकवलं जातं ते पाहू.

शाळा नुकत्याच उघडल्या असताना या वयाला गणितात पाचपर्यंतची मोजणी पुरते. आकडे तोंडपाठ म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं, पण पुढ्यात पाच चिंचोके ठेवले तर एक दोनदा मोजतं, एक गाळतं. एका चिंचोक्याला एकच बोट आणि एकच आकडा, ही पहिली पायरी. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण, हे त्याच्या पुढचं. तेच पाच चिंचोके दूर दूर मांडले की मूल म्हणतं, "आता जास्त झाले." रागावू नका, ही समज वयाबरोबर येते. ५ ही नुसती खूण आहे. वस्तू हाताळण्याआधी खूण गिरवून घेतली तर पोर आकडे सुबक काढतं आणि पुढे १२ कोणते, २१ कोणते यात अडकतं.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. लिहिताना २ आधी, म्हणताना 'एक' आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण सिरोंचाकडच्या तेलुगू घरातलं पोर 'इरवै ओकटी' म्हणजे वीस-एक असंच म्हणत आलं आहे. गोंडी घरात एक म्हणजे उंदी, दोन रंड, तीन मुंड. तेलुगूतले रेंडु, मूडु यांच्याशी त्यांचं नातं लगेच दिसतं. अशा मुलाला आधी घरच्या आकड्यांनी मोजू द्यावं, मग मराठी नावं जोडावीत. दोन्हीकडे चिंचोके तेवढेच राहतात.

वाचनातही आधी कान, मग डोळा. 'मोहा'चा पहिला आवाज कोणता, 'मासोळी'चा कोणता, दोन्ही सारखे का, हा खेळ खेळायचा. गोष्ट ऐकायची, चित्र पाहून स्वतः सांगायची. अक्षरं मागून, तीही सारख्या वळणाची एकत्र, ग म भ न अशी. इथे झाडीपट्टीतल्या मंडळींना मुद्दाम सांगतो. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. पोर डोळ्याला डोरा म्हणतं, पाण्याला पानी. ते अशुद्ध नाही, ते आईचं बोलणं आहे. त्यावर हसलं की पोर गप्प होतं, आणि गप्प पोराला वाचन शिकवणं फार कठीण. पुस्तकातलं 'डोळा' शेजारी ठेवावं, चारदा ऐकवावं, बस.

हे काही नवं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत. मूल शाळेत येईना तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. महागडं सामान परवडणारं नव्हतं, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ च्या २ ऑक्टोबरला निघाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आपल्याकडे तर सामान अंगणातच पडलेलं आहे. तेंदूच्या हंगामात ७० पानांचे पुडे बांधता, तेव्हा पाच-पाच पानं पोराला वेगळी करू द्या. आता पावसाळ्यात चिंचोके, टोळ्या, बांबूच्या काड्या चालतील. लहान-मोठे वेगळे करणं, 'दोन वाट्या आण, माणसं तीन आहेत, किती कमी?' असं विचारणं, हेही गणितच. दहा मिनिटं पुरे. कंटाळलं की सोडून द्यावं.

एक मात्र नीट ऐका. रोवणीच्या दिवसांत मोठ्या पोरीला धाकट्याजवळ बसवून सारी माणसं बांधीत जातात, आणि तिची शाळा व त्याची अंगणवाडी दोन्ही बुडतात. धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर सकाळी त्याला सेविकेकडे सोडा, पोरीला शाळेत धाडा, मग बांधीत उतरा. न्यायला दुपारी कोण येणार ते सेविकेला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.