परसातली कामोणी



खुरपणी झाली की बांधावर तणाचा ढीग पडतो. तो ढीग कधी नीट न्याहाळून पाहिला आहे का? त्यात हराळी असते, लव्हाळा असतो, गाजरगवत असते. आणि पुष्कळदा त्यातच मऊ पानांचे, पांढऱ्या बारीक फुलांचे एक झुडूपही असते. त्याला काळ्या फळांचे लहान लहान घोस येतात. या झुडपाचे नाव कामोणी. कोणी तिला कांगणी म्हणतात, कोणी घाटी म्हणतात. संस्कृतात तिला काकमाची म्हणतात.

आपण ही कामोणी उपटून फेकतो, आणि बाजाराच्या दिवशी पैसे मोजून भाजीची जुडी आणतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते हेच! कामोणीचा पाला खाण्याजोगा आहे. मात्र तो कोणता, कुठला आणि कसा खायचा, हे कळले पाहिजे. ते कळले नाही तर भाजीऐवजी दुखणे ताटात यायचे. म्हणून आजच्या पाठात कामोणी ओळखायची कशी, परसात लावायची कशी आणि शिजवायची कशी, हे क्रमाने पाहू.

वांग्याची भावकी

वांगे, टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही चारही एकाच कुळातली झाडे. त्यांची फुले शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाच पाकळ्या आणि मधोमध केसरांचा झुबका. घराण्याचा तोंडवळा लगेच दिसतो.

स्वीडन देशात लिनियस नावाचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1753 साली हजारो झाडांना दोन-दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. वांग्याचे नाव सोलानम मेलोंजेना आणि कामोणीचे सोलानम नायग्रम. नायग्रम म्हणजे काळे. आडनाव दोघांचे एकच. म्हणजे कामोणी ही वांग्याची जवळची भावकी झाली.

याच कुळात तंबाखू आहे आणि धोतराही आहे. भावकी म्हटली की सगळेच सरळ कसे असतील? ही गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढे कामाला येईल.

वांग्याच्या भावकीचा पाला खाणारे लोक जगात पुष्कळ आहेत. आफ्रिकेच्या पश्चिमेला बेनिन आणि टोगो हे देश आहेत. तिथे ग्बोमा नावाचे वांग्यासारखेच झाड लावतात. त्याचे मोठे, रुंद पान रश्शात शिजवतात. झाड कंबरेइतके वाढते. पाला खुडला की पुन्हा फुटते. पूर्वेकडच्या केनिया देशात कामोणीच्या जातीच्या भाजीला मनागू म्हणतात. तिचा कडूपणा कमी व्हावा म्हणून ती दुधात शिजवण्याची रीत आहे. तमिळनाडूत मणत्तक्काळी कीरै म्हणून हीच भाजी बाजारात जुड्या बांधून विकतात. म्हणजे आपण जे तण म्हणून फेकतो, ते दुसरीकडे पीक म्हणून लावतात.

अक्षरासारखी ओळख

तुम्ही ‘घ’ आणि ‘ध’ शिकलात तेव्हा गोंधळ झाला होता ना? दोन्ही अक्षरे दिसायला जवळची. एवढ्याशा फरकाने ‘धन’चे ‘घन’ होते. झाडांचेही तसेच आहे. एकच खूण पाहून झाड ओळखू नये. सगळ्या खुणा जुळवून मगच नाव घ्यावे.

कामोणीच्या खुणा अशा:

1. झुडूप गुडघ्याएवढे, फार तर मांडीएवढे. त्याला काटे नसतात.
2. पान मऊ, मध्ये रुंद, टोकाला निमुळते.
3. फूल पांढरे आणि नखाएवढे लहान. पाकळ्या पाच, मधोमध पिवळा ठिपका. फुले एकेकटी येत नाहीत. एकाच देठावर चार-सहा फुलांचा झुबका खाली लोंबतो.
4. फळ वाटाण्याहून लहान. आधी हिरवे, पिकल्यावर काळे. फळांचाही झुबकाच असतो.

आता हिच्याजवळ उगवणारी तीन झाडे पाहा.

धोतरा: फूल लांब, कर्ण्यासारखे, बोटाहून मोठे. फळ काटेरी गोळ्यासारखे. पान मोठे असून चुरले तर उग्र वास येतो. धोतऱ्याचे पान, फूल, बी सगळे विषारी आहे.

भुईरिंगणी: जमिनीवर पसरते. पानांवरसुद्धा काटे असतात. फूल जांभळे, पिकलेले फळ पिवळे.

रानपोपटी: हिचे फळ कागदासारख्या पातळ पिशवीत असते. फूल एकेकटे आणि पिवळसर.

धोतऱ्याचे रोप लहान असताना, फूल येण्याआधी, नवख्या माणसाला फसवू शकते. म्हणून आमचा एक नियम आहे. रानातल्या झाडाचे फूल पाहिल्याशिवाय त्याचे पान खुडू नये. गावात जाणती म्हातारी माणसे असतात. पहिल्या वेळी त्यांना झाड दाखवावे. विचारण्यात कमीपणा नाही.

रानातली का नको?

इथे कोणी म्हणेल, “गुरुजी, कामोणी तर रानात फुकट मिळते. मग परसात लावायचा खटाटोप कशाला?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या शेजारगावी घडलेल्या एका गोष्टीत आहे. एक बाई कांद्याच्या रानात खुरपणीला गेली होती. जाताना तिने ओटीत कामोणीचा पाला घेतला. कामोणी ओळखण्यात तिची चूक झाली नव्हती. लहानपणापासून ती भाजी खात आली होती. पण त्या रानात आदल्या दिवशी कीटकनाशक फवारलेले होते. रात्री तिला आणि तिच्या दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “कोणते औषध फवारले होते?” ते तिला माहीत नव्हते. रिकामी बाटली बांधावरच पडली होती. तिने ती येता-जाता पाहिलीही होती. पण वाचता येत नसल्याने बाटलीने तिला काहीच सांगितले नव्हते. कोणीतरी रात्री रानात जाऊन ती बाटली आणली, तेव्हा नाव कळले. तिघेही वाचले. पण दोन तास त्या बाटलीपायी गेले.

फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर टोकावर उभा राहिलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा म्हणजे फार विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, बरं का! फवारलेल्या रानातली पालेभाजी, मग बाटलीवरचा रंग कोणताही असो, आणूच नये. गटारीच्या कडेची आणि वाहत्या सडकेलगतचीही नको.

परसातल्या कामोणीचे मात्र बी आपल्या ओळखीचे, माती आपल्या ओळखीची आणि तिच्यावर काय पडले तेही आपल्याला ठाऊक. म्हणून परसात लावायची.

लावण कशी करावी?

बी: खात्रीच्या झाडाची पूर्ण काळी झालेली मूठभर फळे घ्या. वाटीत पाणी घालून ती कुस्करा. गर वर तरंगेल, भरलेले बी तळाशी बसेल. दोन-तीनदा धुऊन ते बी सावलीत कागदावर वाळवा. पुडीवर झाडाचे नाव आणि तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. ते असेच वापरावे.

पेरणी: पावसाळ्याच्या तोंडाला पेरावे, किंवा पाऊस ओसरल्यावर भाद्रपद-आश्विनात. बी फार बारीक असते. नुसते टाकले तर एकाच जागी पडते. म्हणून मूठभर बारीक वाळूत ते मिसळून पेरा. वाफा नसेल तर तळाला भोके पाडलेला जुना डबा चालतो. वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि पाणी शिंपडून द्या. ओतू नका, नाही तर बी वाहून जाईल. आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते.

जागा: दिवसाचे चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा पुरते. थोडी सावली असली तर पाला कोवळा राहतो. मातीत कुजलेले शेणखत मिसळा. मागच्या हंगामात जिथे वांगी, टोमॅटो किंवा मिरची होती ती जागा टाळा. भावकीतला रोग भावकीला लवकर लागतो. मर रोग मातीतून एकाचा दुसऱ्याला जातो.

लावणी: रोपाला पाच-सहा पाने आली की ते संध्याकाळच्या वेळी उचलून लावावे. दोन रोपांत हातभर अंतर ठेवा. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी या झाडांना घालता येते. साबणाचे पाणी नको.

शेंडा खुडणे: रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडा. नवख्या माणसाला हे जिवावर येते. पण शेंडा खुडल्याशिवाय बाजूच्या फांद्या फारशा फुटत नाहीत. झाड उंच, किडकिडीत होते, लवकर फुलते आणि पाला जरड होतो. शेंडा खुडला की ते चहूअंगाने भरते आणि त्याचे चांगले डेरेदार झुडूप होते. फुलांचे झुबकेही वरचेवर खुडावेत. एखादे जोमदार झाड मात्र बियांसाठी राखून ठेवावे.

कीड: पानामागे मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. ठिपकेवाले भुंगे पाने जाळीसारखी खातात. ते सकाळी हाताने वेचावेत. घरच्या चार झाडांना औषधाची बाटली लागत नाही.

पुढे दर आठ-दहा दिवसांनी कोवळे शेंडे खुडावेत. खालची थोडी पाने झाडावर राहू द्यावीत. पाणी मिळत राहिले तर झुडूप काही महिने पाला देते.

शिजवण्याची रीत

कामोणीचा पाला कच्चा खाऊ नये. कोवळी पाने निवडून धुवा. भरपूर पाण्यात उकळा आणि ते पहिले पाणी ओतून द्या. पाला पिळून घ्या, चिरा आणि लसूण, कांदा, मिरचीच्या फोडणीत टाका. भिजवलेली मूगडाळ किंवा दाण्याचे कूट घातले तर कडवटपणा झाकला जातो. भाकरीबरोबर ही भाजी छान लागते. ती ताजीच खावी. काकमाची शिळी खाऊ नये, असे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही सांगितले आहे.

हिरवी फळे कधीही खाऊ नयेत. त्यांत सोलानिन नावाचे विष असते. उन्हात राहून हिरव्या पडलेल्या बटाट्यात असते तेच हे विष. उकळल्याने ते नाहीसे होत नाही. त्याने पोटात कळा येतात, उलट्या होतात, डोके दुखते, गुंगी येते. पिकलेली काळी फळे मुले रानात खातात हे खरे. पण लहान मुलाला कच्चे-पिके कळत नाही. म्हणून झाडाशी मूल एकटे सोडू नये. तमिळनाडूत ही फळे ताकात मुरवून, वाळवून खातात. पण त्यांची जात आणि रीत त्यांच्या पारखीची आहे. ऐकीव माहितीवर आपण ते करू नये.

चुकून काही खाल्ले गेले आणि त्रास होऊ लागला, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. माणसाला लगेच दवाखान्यात न्या, आणि जे खाल्ले त्याची फांदी बरोबर घ्या. डॉक्टरांचे निम्मे काम ती फांदी करते.

एवढे करून काय मिळते?

सरकारने 2019 ते 2021 या काळात देशभर आरोग्याची पाहणी केली. तीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हा आकडा 54 होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई यात पहिली सापडते. भाजी महाग झाली की ती आधी तिच्याच ताटातून जाते.

हिरव्या पाल्यात लोह असते. पण ते अंगी लागायला मदत हवी. जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. तरीही सांगतो, नुसत्या भाजीने रक्तक्षय बरा होत नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. गरोदर बाईने कामोणी खाण्याआधी आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारावे. भाजी ही गोळीची सोबतीण आहे, सवत नव्हे.

दारातल्या चार झुडपांची भाजी बाजारभावावर अवलंबून नसते. ती खुडायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून ज्या बाईने ती लावली, तिने ती आधी आपल्या ताटात वाढून घ्यावी. हेही आम्ही या पाठात मुद्दाम लिहून ठेवतो.

लक्षात ठेवा

1. रानातल्या झाडाचे फूल पाहिल्याशिवाय पान खुडू नये.
2. फवारलेल्या रानातला पाला आणू नये.
3. पाला उकळून पहिले पाणी टाकावे. हिरवे फळ खाऊ नये.
4. बियांच्या पुडीवर नाव आणि तारीख लिहावी.

अभ्यास

1. कामोणी आणि धोतरा यांच्या फुलांतले दोन फरक लिहा.
2. रोपाचा शेंडा का खुडतात?
3. बाईने कामोणी बरोबर ओळखली होती. तरी तिला त्रास का झाला?
4. घरात फवारणीच्या औषधाची बाटली असेल तर तिला हात न लावता तिच्यावरचा रंग पाहा. औषधाचे नाव वाचून वहीत लिहा.
5. तुमच्या परसात उगवणाऱ्या तीन झाडांची नावे आणि खुणा लिहा. शेजाऱ्याला वाचून दाखवा.