वाचकांचे प्रश्न : महापालिकेचा कर्मचारी सरकारी की बिनसरकारी?

प्रश्न : मी कोलकाता महापालिकेच्या सेवेत ३६ वर्षे होतो. बेहाला भागातल्या कार्यालयातून ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निवृत्त झालो. आमचे आजोबा नागपूरहून इकडे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. जूनपर्यंत माझे मूळ वेतन ६०,००० रुपये होते, जुलैच्या वेतनवाढीनंतर ६२,००० झाले. ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांचे कागद पुढे सरकत आहेत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही सरकारी नोकर, तुमचं सगळं करमुक्त.’ आमच्या शेजारी एक लेखापाल राहतात, त्यांचे म्हणणे वेगळे पडते. खरे काय? आणि महागाई भत्त्याच्या थकबाकीतून आम्हा महापालिकेवाल्यांना काही मिळेल का?
— एक वाचक, बेहाला, कोलकाता

उत्तर : मुलाचे बरेचसे बरोबर आहे, पण चूक आहे तिथे पैशाचा प्रश्न आहे. महापालिकेचा कर्मचारी ‘सरकारी’ की नाही, याचे एकच उत्तर कायद्यात नाही. प्रत्येक कायदा, किंबहुना एकाच कायद्याचे प्रत्येक कलम, ते आपल्यापुरते ठरवते. म्हणून तुमच्या तीन रकमा वेगवेगळ्या घेऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्यामुळे तुम्हाला प्राप्तिकर कायदा १९६१ लागू आहे. २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येतो.

पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, म्हणजे अंशराशीकरण केले, तर ती पूर्ण रक्कम करमुक्त. कलम १०(१०अ) मध्ये ‘स्थानिक प्राधिकरणाचे कर्मचारी’ असे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. ग्रॅच्युइटीच्या कलम १०(१०) मध्येही तसेच. या दोन्ही ठिकाणी तुम्ही सरकारी कर्मचाऱ्याच्या पंक्तीला आहात.

रजेच्या रोखीकरणात नाही. कलम १०(१०अअ) मधली पूर्ण करमाफी केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. स्थानिक प्राधिकरणाचे नाव तिथे घातलेलेच नाही. त्यामुळे रजेच्या पैशापुरते तुम्ही खासगी कंपनीतल्या माणसाबरोबर बसता. तुमच्या बाबतीत चार आकडे काढायचे आणि त्यांतला सर्वांत लहान तेवढाच करमुक्त धरायचा: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, निवृत्तीआधीच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या दहापट, सेवेच्या दर वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून शिल्लक राहणाऱ्या रजेचे वेतन, आणि २५ लाख रुपये. शेवटची मर्यादा कित्येक वर्षे अवघी ३ लाख होती, ती १ एप्रिल २०२३ पासून वाढली. ही वाढ होण्याआधी निवृत्त झालेल्या महापालिका कर्मचाऱ्यांना या कलमाचा चटका खराच बसला.

तुमचे आकडे मांडून पाहू. पश्चिम बंगालचा महागाई भत्ता मार्च २०२५ पर्यंत १४ टक्के होता, १ एप्रिल २०२५ पासून १८ टक्के झाला. शेवटच्या महिन्याचे मूळ वेतन अधिक भत्ता म्हणजे ७३,१६० रुपये. ३०० दिवसांचे, म्हणजे दहा महिन्यांचे, ७,३१,६०० रुपये तुम्हाला मिळतील. पण करमाफीसाठी सरासरी जानेवारी ते ऑक्टोबर या महिन्यांची काढावी लागते. जानेवारी ते मार्च दरमहा ६८,४००, एप्रिल ते जून ७०,८००, जुलैपासून पुढे ७३,१६०. दहा महिन्यांची बेरीज ७,१०,२४० होते. पैसे शेवटच्या वाढलेल्या पगारावर मिळाले, माफी मात्र सरासरीवर, म्हणून २१,३६० रुपये करपात्र उरतात. रक्कम छोटी आहे. नव्या करप्रणालीत, करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिले तर कलम ८७अ च्या सवलतीमुळे कर शून्यच येईल. तरीही विवरणपत्रात ती दाखवा. महापालिकेने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये रजेची पूर्ण रक्कम करमुक्त किंवा पूर्ण करपात्र दाखवली असेल तर दोन्ही चूक. लेखा विभागाकडून दुरुस्ती करून घ्या.

शेजारच्या लेखापालांनी एक गोष्ट कदाचित सांगितली नसेल, आणि ती तुमच्या फायद्याची आहे. ग्रॅच्युइटी कोणत्या कायद्याने काढायची? १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा केंद्र किंवा राज्य सरकारच्या पदावर असलेल्या आणि स्वतंत्र नियमांखाली ग्रॅच्युइटी मिळणाऱ्या माणसाला लागू होत नाही. पण महापालिकेचे पद म्हणजे राज्य सरकारचे पद नव्हे. केंद्र सरकारने ८ जानेवारी १९८२ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक माणसे नोकरीस असलेल्या स्थानिक संस्थांना हा कायदा लागू केला. दिल्ली महापालिकेच्या धरम प्रकाश शर्मा प्रकरणात १९९८ मध्ये, आणि कानपूर महापालिकेच्या मुजीब उल्लाह खान प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पालिकांच्या कर्मचाऱ्यांना या कायद्याचा लाभ मिळतो असा निर्णय दिला. रजेच्या कलमात ‘सरकारी’ नसल्याने गेले, ते इथे ‘सरकारी’ नसल्याने मिळते.

फरक किती पडतो? केंद्राच्या पेन्शन नियमांत दर पूर्ण सहामाहीला पगाराचा चौथा हिस्सा आणि जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचा पगार, असे सूत्र आहे. अनेक ठिकाणचे नियम त्याच धर्तीवर आहेत. ७३,१६० रुपयांवर साडेसोळा पट म्हणजे १२,०७,१४०. ग्रॅच्युइटी कायद्याने दर वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि महिन्याचे दिवस २६. त्या हिशेबाने ३६ वर्षांचे होतात सुमारे १५,१९,४७७ रुपये. कमाल मर्यादा २० लाखांची, तिच्या आत ही रक्कम बसते. जवळपास तीन लाखांचा फरक, आणि तो केवळ कोणते सूत्र लावले यावरून. दोन्ही मिळत नाहीत. जास्त असेल ते मागायचे. तुमच्या महापालिकेच्या विनियमांत सूत्र आणि मर्यादा काय आहे ते मंजुरी आदेशाच्या प्रतीवरून पाहा आणि त्यावर कायद्याचा हिशेब मांडून लेखी अर्ज द्या. या लेखी अर्जाला मी फार महत्त्व देतो, कारण तोंडी विचारणेचा कागद राहत नाही.

देय झाल्यापासून ३० दिवसांत ग्रॅच्युइटी देण्याचे बंधन नियोक्त्यावर आहे, कर्मचाऱ्याने अर्ज केला नसला तरी. त्यानंतर कायद्याने साधे व्याज चढते, सध्याचा दर वर्षाला १० टक्के. रक्कम कमी वाटली किंवा नाकारली तर नव्वद दिवसांत कामगार खात्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जाता येते. उशीर झाला तर त्याचे सबळ कारण सांगावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२चा कायदा तिच्यात सामावला गेला. तुमची निवृत्ती त्याआधीची आहे, तेव्हा जुन्या कायद्याचा आधार घ्या. त्या तारखेपासून पुढे निवृत्त झालेल्यांनी मात्र संहितेतील कलमे पाहावीत.

आता महागाई भत्ता. हे उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये लिहितो आहे, म्हणून तारीख ध्यानात ठेवा. वाद २००८ ते २०१९ या काळाचा, म्हणजे राज्याच्या २००९च्या वेतन नियमांच्या काळाचा आहे. राज्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या याचिकेवर कोलकाता उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये महागाई भत्ता हा कायदेशीर हक्क असल्याचे म्हटले, मे २०२२ मध्ये केंद्राच्या दराने थकबाकी देण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १६ मे २०२५ रोजी अंतरिम आदेशाने थकबाकीचा २५ टक्के भाग देण्यास सांगितले गेले. त्यानंतर सुनावणी पूर्ण होऊन निकाल राखून ठेवला गेला.

महापालिकेच्या माणसाने यातून काय धरायचे? याचिकाकर्ते राज्य सरकारचे कर्मचारी आहेत. राज्याचा वित्त विभाग महागाई भत्त्याचे परिपत्रक काढतो, तेव्हा महापालिका, नगरपालिका आणि पंचायती यांच्या कर्मचाऱ्यांनाही तो लागू करतो. तुम्हाला १८ टक्के मिळाले ते त्या वाटेने. थकबाकी आली तरी वाट तीच असेल: न्यायालयाच्या आदेशानंतर वित्त विभागाचे पत्रक, आणि त्यात ‘महापालिका’ हा शब्द आहे की नाही. नसेल तर तुमच्या संघटनेने लगेच लेखी मागणी करावी. वर्तमानपत्रातल्या ‘कर्मचाऱ्यांना थकबाकी’ अशा मथळ्यावरून कर्ज काढणे किंवा घराची दुरुस्ती सुरू करणे मात्र टाळा.

थकबाकी आलीच, तर ती ज्या वर्षी मिळाली त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि कर अकारण वाढतो. अशा वेळी १९६१च्या कायद्यात कलम ८९ ची सवलत आहे, नव्या करप्रणालीतही. ती मागण्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत दाखवली की नोटीस येते. सेवेत असलेल्या सहकाऱ्यांना सांगा, स्थानिक प्राधिकरणाचा नियोक्ता ही सवलत पगारातून कर कापतानाच हिशेबात धरू शकतो. थकबाकीचे वर्षनिहाय तपशील मात्र मागून ठेवा. एकरकमी आकड्यावर फॉर्म भरता येत नाही.

प्रश्न : माझे यजमान १९८२ मध्ये दक्षिण उपनगर नगरपालिकेत लागले, तेव्हा बेहाला कोलकाता महापालिकेत नव्हते. पुढे ते महापालिकेत गेले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. यंदा ते वारले. मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, महिन्याला साधारण २८,००० रुपये. माझे वय ६३, याशिवाय उत्पन्न नाही. ७५,००० ची सूट मिळेल का? आणि १९८४ च्या आधीची दोन वर्षे त्यांच्या सेवेत धरली गेली होती की नाही, हे आता कळेल का?
— एक वाचक भगिनी, बेहाला

उत्तर : ७५,००० ची प्रमाणित वजावट पगार आणि स्वतःच्या पेन्शनला मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. त्याला वेगळी वजावट आहे: रकमेचा एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती. तुमचे वर्षाचे ३,३६,००० होतात. २५,००० वजा जाता ३,११,००० राहतात. नव्या प्रणालीत या वर्षी ४ लाखांपर्यंत करच नाही. तेव्हा काळजी नको.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बेहाला, जादवपूर आणि गार्डन रीच या भागांतल्या नगरपालिका जानेवारी १९८४ मध्ये महापालिकेत आल्या. त्या वेळी बदलून आलेल्या माणसांची सेवापुस्तके एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेली. आता ती पिढी निवृत्त झाली आहे, काही गेलेही. पूर्वीच्या नगरपालिकेतली दोन वर्षे सेवेत धरली नसतील तर ग्रॅच्युइटीवर परिणाम होऊ शकतो, कारण तिचा हिशेब वर्षांवर चालतो. पेन्शन आदेशात ‘अर्हताकारी सेवा’ किती वर्षे, महिने, दिवस लिहिली आहे ते आधी पाहा. रुजू झाल्याची तारीख १९८२ ची असेल तर विषय संपला. १९८४ ची असेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करा. त्यात सेवापुस्तकाची पहिली पाने, विलीनीकरणाच्या वेळची नोंद आणि ग्रॅच्युइटीच्या मंजुरी आदेशाची प्रमाणित प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा पटले नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा बंगालीत करता येतो. यजमानांच्या मृत्यूचा दाखला आणि पेन्शन आदेशाची प्रत जोडा, म्हणजे ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न येणार नाही. दोन वर्षे गळली असल्याचे कागद हाती आले, की त्या आधारे फेरमंजुरीचा अर्ज करा आणि त्यावर पोच घ्या.

प्रश्न : मी सोलापूर महापालिकेत आहे. बेहालातल्या वाचकांचे रजेचे आणि ग्रॅच्युइटीचे नियम आम्हाला लागू होतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, निवृत्तीच्या दिवशी जो कायदा अमलात असेल त्यानुसार. प्राप्तिकर आणि ग्रॅच्युइटी हे दोन्ही केंद्राचे कायदे आहेत, त्यामुळे सोलापूरला आणि बेहाल्याला सारखेच. पेन्शन मात्र वेगळी. पश्चिम बंगालने राज्य कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना स्वीकारलीच नाही, जुनीच पेन्शन चालू ठेवली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांसाठी राज्याने नवी योजना आणली. तुम्ही कोणत्या तारखेला रुजू झालात आणि तुमच्या महापालिकेने ही योजना केव्हापासून लागू केली, या दोन तारखा नियुक्तिपत्र आणि आस्थापना विभागातून काढून घ्या. त्या कळवल्या तर पुढच्या अंकात पेन्शनचा हिशेब करून देता येईल.