बॅग जड होती

उपासना सुटली की चपला शोधता शोधता कुणी ना कुणी आई मला गाठतेच. "टीचर, हिला काहीतरी चांगलं ख्रिस्ती वाचायला द्या ना. सारखा मोबाइल हातात." शब्बाथशाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणून हा प्रश्नही माझ्याकडे. मी एक पुस्तक काढून देते, तुम्ही ते पिशवीत टाकता आणि पुढच्या रविवारी परत आणता. "झालं वाचून. आता कुठलं?" खोकल्याच्या औषधाची बाटली संपली की दुसरी आणावी, तसं.

त्या गडबडीत बोलता येत नाही ते आज बोलते. पुस्तकांची यादी मात्र मागू नका. माझं स्वतःचं वाचन कसं झालं आणि कुठे फसलं, तेवढं सांगते.

आमच्या नगरच्या घरात तीनच जाड पुस्तकं होती: पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आजी चौथी शिकलेली, पण डोळ्यांनी दगा दिलेला. दुपारी ती गहू निवडायची आणि मी मोठ्याने वाचायचे. नवरा १८९५ मध्ये मुंबईला जाऊन बाप्तिस्मा घेतो, बाईंचं सगळं आयुष्य विस्कटतं, आणि काही वर्षांनी त्या त्याच्याकडे राहायला येतात ते आपलं सोवळं बरोबर घेऊनच. मला त्या सोवळ्याच्या गमतीजमती वाचताना हसू आवरायचं नाही. आजीही हसायची, पण तिचं हसणं लवकर संपायचं. एकदा तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "बाईनं सोवळं सोडलं, लई चांगलं केलं. पण त्या सोवळ्याच्या भाईर आपली माणसं हुबी व्हती, त्यांचं कुणी लिवलं?"

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची मुळं महारवाड्यात नि मांगवाड्यात आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी तेव्हा दहा वर्षांची. पुस्तक मिटून टाकू का, असं विचारलं तर आजी चिडली. "मिटतीस कशाला? वाच पुढं." पुस्तक जिवापाड आवडतं आणि तरी त्याच्याशी भांडायचं आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दुपारी.

बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) कॉलेजात अभ्यासाला आली म्हणून वाचली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा, पण खरं सांगायचं तर ती वाचताना जांभया आल्या. दर दोन-चार पानांनी कुणीतरी उपदेशाला उभं राहतं. तरीही यमुनेला वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती अजून डोक्यातून जात नाहीत. उपदेश सगळा गळून गेला, बायका राहिल्या. त्याच्याही आधी, १८४१ मध्ये, हरि केशवजींनी बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं 'यात्रिक क्रमण' केलं होतं. म्हणजे आपल्याकडे ही वाट चांगली जुनी आहे.

पंधराव्या वर्षी परदेशातल्या मावशीने 'लेफ्ट बिहाइंड' पाठवलं. प्रभूचे लोक एका क्षणात नाहीसे होतात, विमानातल्या खुर्च्यांवर नुसते कपडे उरतात, अशी त्याची सुरुवात. अधाशासारखं दोन रात्रींत संपवलं. त्या आठवड्यात क्लासवरून घरी आले तर दार उघडं, गॅसवर दूध, घरात चिटपाखरू नाही. मी चपलांसकट स्वयंपाकघरात उभी. सगळे गेले, आपण राहिलो! दूध उतू जाऊन गॅस विझला तरी हात पुढे होईना. आई शेजारी विरजण मागायला गेली होती. तिला मी काही सांगितलं नाही, पण पुढे कितीतरी महिने तिचा आवाज ऐकल्याशिवाय घरात पाऊल टाकत नव्हते. पुस्तकावर ख्रिस्ती असं लिहिलं होतं, त्यामुळे आधी वाचून बघावं असं घरात कुणाला वाटलंच नाही.

तुम्हीही तीच चूक करता, म्हणून सांगते. फ्रान्सिन रिव्हर्सचं 'रिडीमिंग लव्ह' होशेयच्या कथेवर बेतलेलं आहे, एवढंच ऐकून एका आईने ते सातवीतल्या मुलीसाठी मागितलं. त्यात लहान वयात वेश्याव्यवसायात ढकललेल्या मुलीची गोष्ट आहे. पुस्तक मी टाकाऊ म्हणत नाही, पण ते तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. अजून काही वर्षं तरी नाही.

हॉस्टेलवर जॅनेट ओकचा नाद लागला. 'लव्ह कम्स सॉफ्टली' मधली मार्टी एकोणीस वर्षांची. माळरानावर नवरा दगावतो आणि त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा परका माणूस लग्नाचं विचारतो, कारण त्याच्या लहान मुलीला आई हवी असते. हा क्लार्क पहाटे उठून प्रार्थना करतो, लाकडं फोडतो, आवाज म्हणून चढवत नाही. रूममधल्या आम्ही चौघी असाच नवरा मागत होतो. माझ्या नवऱ्याने आजतागायत एक ढलपीही फोडलेली नाही आणि पहाट त्याला ठाऊक नाही. पहिली दोन वर्षं तो बिचारा कुणाशी तुलना होऊन मार खातोय, हे त्याला कळलंच नाही. असो.

मग बाबा आजारी पडले. त्या सहा महिन्यांत मंडळीतल्या लोकांनी प्रेमाने 'प्रेरणादायी' पुस्तकं आणून दिली. बहुतेकांचा सूर एकच: विश्वास पुरेसा असेल तर मागितलेलं मिळतं. मी खुणा करकरून वाचली, मागितलंही. बाबा गेले. म्हणजे कमी माझ्याच विश्वासात होती, असं त्या पुस्तकांच्या हिशोबाने निघत होतं. सगळी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली आणि दोन वर्षं बायबलखेरीज काही वाचलं नाही. बायबलमध्येही ईयोब आणि स्तोत्रसंहिता, बस. तिथे निदान कुरकुर करायला परवानगी होती.

माझा मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर पुन्हा वाचायला लागले, त्याला वाचून दाखवायचं म्हणून. सी. एस. लुईसच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'ची गोष्ट रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगत असे. अस्लान सिंहाला दगडी मेजावर बांधतात, त्याची आयाळ कापतात, ती जागा आली. लेकाने माझं मनगट घट्ट धरलेलं. तो श्वास रोखून होता, आणि माझ्यातल्या शब्बाथशाळेच्या टीचरला राहवलं नाही. "अस्लान म्हणजे येशू बरं का!" त्याने मनगट सोडलं. "हं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या रात्री म्हणाला, आज दुसरी गोष्ट सांग. इतका पस्तावा मला फार थोड्या गोष्टींचा झालाय. त्याला जे स्वतःचं स्वतः सापडणार होतं, ते मी उत्तरपत्रिकेसारखं हातात कोंबलं. तेव्हापासून कुठल्याच मुलाला "मग काय शिकलास?" विचारत नाही. तुम्हीही महिनाभर विचारू नका, बघा काय होतं.

आता कॉरी टेन बूम. 'द हायडिंग प्लेस' १९७१ चं. हॉलंडमधल्या हार्लेमचं हे घड्याळजीचं घर. नाझींच्या काळात कॉरीच्या खोलीत खोटी भिंत घालून मागे ज्यू माणसं लपवली. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली. भिंतीमागची माणसं वाचली, पण घरचे पकडले गेले. म्हातारे वडील दहा दिवसांत कैदेतच गेले.

याच वडिलांची एक लहानशी आठवण कॉरीने सांगितली आहे. ती दहा-अकरा वर्षांची असताना दोघं आगगाडीने ॲमस्टरडॅमहून परत येत होते. मोठ्यांच्या जगातल्या एका शब्दाचा अर्थ तिने विचारला. वडिलांनी उत्तर दिलं नाही. घड्याळांच्या सुट्या भागांनी भरलेली आपली बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, ही उचलून खाली उतरव. तिला हलेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, काही गोष्टी कळणंही असंच जड असतं, तुला पेलेपर्यंत ते ओझं मी वाहतो.

ही गोष्ट मी मोठ्या माणसांना सांगते तेव्हा सगळे माना डोलावतात, कारण सगळ्यांना तिच्यात मुलांपासून लपवायची मुभा दिसते. पण जरा नीट बघा. बॅगच नाही, असं ते म्हणाले नाहीत. मुलीला हात लावून वजन बघू दिलं.

माझ्या धाकटीने हे पुस्तक बाराव्या वर्षी कपाटातून स्वतः काढलं. कॉरी आणि तिची बहीण बेट्सी यांना ठेवलं होतं त्या राव्हेन्सब्रुकच्या छावणीपर्यंत आली, तिथल्या पिसवांपर्यंत आली. बराकीत पिसवा बुजबुजलेल्या, म्हणून पहारेकरी आत यायचे नाहीत आणि बहिणींना बायबल वाचता यायचं. हे तिला फार आवडलं. मग डिसेंबरात बेट्सी मरते आणि थोड्याच दिवसांत कॉरी सुटते. कशी, तर कुणा कारकुनाच्या चुकीने. लेक रात्री माझ्या पलंगाशी उभी राहिली. "कागदात चूक झाली म्हणून कॉरी सुटली. मग बेट्सीच्या कागदात का नाही झाली?"

मला आधी आठवले ते आमचे पाळक. त्यांच्याकडे पाठवावं. मग म्हटलं, "मला माहीत नाही गं."

"आजोबांच्या वेळी माहीत होतं?"

"तेव्हाही नाही."

ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. मग उशी घेऊन माझ्याजवळ झोपायला आली, जे तिने दोन वर्षांत केलं नव्हतं.

नंतर कळलं, तिने तो प्रश्न पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवला होता. मंडळीचं पुस्तक, किल्ली माझ्याकडे, मी तो पुसायला हवा होता. पुसला नाही. गेल्या महिन्यात ते पुस्तक तुमच्यापैकी एका घरून परत आलं. प्रश्नाखाली आणखी एक ओळ होती, निळ्या पेनाने: मलाही हेच विचारायचं होतं. अक्षर मुलाचं नव्हतं.