बायोडेटाचं दुसरं पान

सिग्नल कोअरमध्ये गेलं की बाहेर पडल्यावर आयटीतली नोकरी पक्की, असं आमच्या धरणगावातल्या पोरांना कोणीतरी सांगून ठेवलंय. भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं मला ‘मेजर’ म्हणत थांबवतात आणि हेच विचारतात. 1825 साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभी केलेली भिल्ल पलटण याच गावात होती. इथं वर्दीचं कौतुक आजचं नाही, आणि ते असूही द्या. पण सिग्नलमधून हवालदार म्हणून बाहेर आल्यावर माझ्याशी लोक कसे वागले, ते ऐकून मग धावा.

मला काम येत होतं, हे आधी सांगतो. जबलपूरचं ट्रेनिंग, मग लाइन, रेडिओ रिले, एक्स्चेंज, आणि शेवटची वर्षं ऑप्टिकल फायबर. बर्फात तंबू ठोकून, जनरेटरच्या उजेडात, सुन्न झालेल्या बोटांनी फायबर स्प्लाइस केलंय. जोडाला लॉस जास्त दाखवला की तो कापायचा आणि पुन्हा करायचा. पलीकडच्या चौकीवरचा माणूस त्याच लाइनच्या भरवशावर असतो. ‘तीव्र चौकस’ हे कोअरचं ब्रीद आम्ही हाताने पाळलं.

निवृत्तीनंतर एका प्लेसमेंट एजन्सीचा फोन आला. नवी मुंबईत डेटा सेंटर, पद ‘नेटवर्क टेक्निशियन’. काम तांत्रिकच आहे ना, हे मी स्पष्ट विचारलं. बाई म्हणाल्या, “हो सर, फौजींना तर आम्ही प्राधान्य देतो.” मेसेजमध्येही तेच पद लिहून पाठवलं. नोंदणीची फी घेतली, पडताळणीसाठी म्हणून मूळ डिस्चार्ज बुक ठेवून घेतलं.

रुजू व्हायला गेलो तर सुपरवायझरने हातात शिटी, टॉर्च आणि व्हिजिटर रजिस्टर दिलं. मी मेसेज दाखवला. तो म्हणाला, “मेजर, फौजी लोक शिस्तीचे असतात, गेटला बरे पडतात. आत पुढेमागे बघू.”

सिक्युरिटीचं काम हलकं नाही. माझे कितीतरी साथीदार ते मानाने करतात, कारण त्यांना ते काम त्याच नावाने सांगितलं होतं. मला खोटं सांगितलं गेलं.

तरी मी थांबलो, ‘पुढेमागे’ या शब्दावर. एका रात्री आतली एक फायबर लिंक बसली. ठेकेदाराचा मुलगा पॅचकॉर्ड काढून पुन्हा पुन्हा तसाच खोचत होता. मी म्हणालो, बाळा, आधी कनेक्टर स्वच्छ कर, धूळ असेल. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्ही गेट सांभाळा.” पहाटे ठाण्याहून त्यांचा माणूस आला, त्याने कनेक्टर पुसले आणि लिंक उठली. मला त्यावर कोणी एक शब्दही बोललं नाही. तो अपमान अजून जात नाही.

पण खरा प्रकार कळला तो ऑफिसात, माझी फाइल समोर आली तेव्हा. मी दिलेला बायोडेटा दोन पानी होता. दुसऱ्या पानावर माझे सगळे ट्रेड कोर्स, हाताळलेली उपकरणं, वर्षं. फाइलमध्ये ते पानच नव्हतं. पहिल्या पानावर कोणीतरी पेनाने लिहिलं होतं : ‘दहावी पास, पेन्शनर, कमी पगारात चालेल.’ म्हणजे माझी विद्या त्यांना कळली नव्हती असं नाही. ती काढून टाकली की माणूस स्वस्त पडतो, हा त्यांचा हिशेब होता.

नोकरी सोडली, तर डिस्चार्ज बुक परत द्यायला एजन्सीने आठवडेच्या आठवडे घालवले. गावी आलो तेव्हा आमचे आबा म्हणाले, “फौजमा इतला वरीस काढीसन गेटवर उभा ऱ्हायना का?” त्यांना काय सांगणार?

आता जे आत आहेत त्यांच्यासाठी. तुमचा ट्रेड तुम्हाला पाठ असतो, पण बाहेरचा एचआर ‘क्लास वन’, ‘ट्रेड टेस्ट’ हे शब्द वाचत नाही. तो सीसीएनए वाचतो, लिनक्सचं प्रमाणपत्र वाचतो. ते वर्दीत असतानाच करा. पीस पोस्टिंग मिळालं की पहिलं काम तेच. पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारा पदवी-समकक्ष दाखला सरकारी गट ‘क’च्या, जिथे तांत्रिक अट नाही अशा पदांसाठी उपयोगी पडतो, खासगी कंपनी त्यावर इंजिनीअर मानणार नाही. शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीआरचा कोर्स मिळतो. सोबत्यांच्या मागे जाऊन कुठलाही सोपा कोर्स भरू नका, आपल्या ट्रेडला जोडून येणारा मागा. बायोडेटात केबल, स्प्लाइसिंग, स्विच, सर्व्हर हे लिहा; ठिकाणं, युनिटचं काम, गुप्त यंत्रणांची नावं कधीच लिहू नका, मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तरीही. बायोडेटाच्या प्रत्येक पानावर सही आणि ‘2 पैकी पान 1’ असं टाका. इंग्रजी बोलायचा सराव ठेवा, तब्येत सांभाळा.

अग्निवीरांना हे जास्त लागू आहे. चार वर्षं, त्यानंतर फार तर पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवी ठेवली आहे, सेवेतल्या प्रशिक्षणाचे क्रेडिट त्यात धरतात. ती घ्या. आणि ‘तुला सिग्नलच मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका. टेक्निकलला अर्ज करणं तुमच्या हातात, कुठली कोअर मिळेल ते फौज ठरवते.

मी नंतर स्वतःच्या पैशाने परीक्षा दिली आणि आज जळगाव जिल्ह्यात फायबरचीच कामं करतो. ती एजन्सी अजून माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नेटवर्क टेक्निशियन’ची जाहिरात टाकते. फोन आला तर नियुक्तिपत्र आधी मागा, त्यात पद आणि पगार छापलेला असू द्या. फी मागितली तर फोन ठेवा. मूळ डिस्चार्ज बुक कोणालाच देऊ नका. साक्षांकित प्रत पुरते. आणि शंका असेल तर निघण्याआधी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो कागद दाखवून या.