शेंगा भरताना भुईमूग तहानेला ठेवू नका

खरिपाचा भुईमूग आता शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे. पावसाने ओढ दिली तर उतारा घटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच ताणात दाण्यात अफलाटॉक्सिन हे विष तयार होते, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

हे विष करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी जमिनीत कायमच असते. पण बुरशी आहे म्हणजे विष झालेच, असे नाही. विष बनवणारी सुमारे 25 ते 30 जनुके तिच्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि ‘एएफएलआर’ हे मुख्य जनुक त्यांना कामाला लावते. 37 अंशांना बुरशी जोमाने वाढते, तरी ही जनुके मंदावतात. 28 ते 30 अंशांच्या आसपास ती जोरात चालतात. पावसाचा खंड पडून माती तापली, की शेंगांभोवती नेमके हेच तापमान येते.

त्यात झाडही हतबल होते. भरणारा दाणा बुरशीला रोखणारी द्रव्ये स्वतः तयार करतो. ताणामुळे दाण्यातला ओलावा उतरला की ती बनेनाशी होतात, बुरशीला मात्र उरलेला ओलावा पुरतो. म्हणून काढणीआधीचे चार ते सहा आठवडे जपा. विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असेल, तर माझ्या मते ते याच काळासाठी राखावे. हुमणी आणि वाळवीकडेही लक्ष ठेवा. पोखरलेल्या शेंगेत बुरशी सहज शिरते.

काढणीची वेळ तारखेवर ठरवू नका. शेताच्या निरनिराळ्या भागांतली झाडे उपटून शेंगा फोडा. बहुतेक टरफले आतून काळपट झाली असतील तर काढणी धरा. उपटलेले वेल शेंगा वर करून पसरा, ओल्या शेंगांचा ढीग मुळीच घालू नका. ओलावा 8-9 टक्क्यांवर आला, हलवल्यावर दाणा खुळखुळला, की मगच पोती भरा.

बुरसलेल्या, सुरकुतलेल्या शेंगा वेगळ्या काढून नष्ट करा. भाजून किंवा उकळून हे विष पुरते जात नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. असा माल गाई-म्हशींनाही घालू नका. त्यांच्या दुधात या विषाचे दुसरे रूप उतरते आणि ते घरातल्या लेकरांच्या पोटात जाते.